मुंबईच्या वस्त्या पायी पाहताना

मुंबई पाहून आलो असे सांगणारे आपल्या वाळवे तालुक्यात घरोघर सापडतील. काय पाहिले म्हणून विचारावे, तर गेट वे ऑफ इंडिया, राणीचा बाग, चौपाटी आणि वेळ उरला असल्यास महालक्ष्मीचे देऊळ, एवढी नावे येतात. ही स्थळे पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे एखाद्याच्या घरी जाऊन ओसरीवरूनच परत फिरण्यासारखे आहे. शहर राहते ते त्याच्या वस्त्यांत. आणि मुंबईच्या काही वस्त्या तर आपल्याच भागातील माणसांच्या श्रमावर उभ्या राहिल्या आहेत. त्या पाहावयाच्या कशा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या कामी आपल्याला दोन वाटाडे घरचेच लाभले आहेत. पठ्ठे बापूराव आपल्या तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, जन्म 1866 चा. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, जन्म 1920 चा. दोघांनीही मुंबईवर लावणी रचली, आणि दोघांचीही लावणी 'मुंबईची लावणी' याच नावाने ओळखली जाते. कृष्णा-वारणेच्या दुआबातील दोन शाहिरांनी एकाच शहराला असे गाण्यात बांधावे, हा योगायोग मोठा गोड आहे. तथापि दोघांची नजर एक नव्हे. बापूराव शहराच्या थाटाकडे खेड्यातून आलेल्या चतुर पाहुण्यासारखे पाहतात. थक्क होतात आणि चिमटाही काढतात. अण्णा भाऊ लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईस गेले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांच्या लावणीत मलबार हिल आणि परळ ही दोन गावे शेजारी शेजारी उभी केलेली आहेत. मुंबईला जाण्यापूर्वी या दोन्ही लावण्या वाचाव्यात, किंबहुना कोणाकडून ऐकाव्यात. प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक.

वस्ती पाहावयाची तर प्रथम तिचे नाव ऐकावे. मुंबई मूळची सात बेटांची, हे शाळेत आपण सर्वांनी घोकले आहे. परंतु ती बेटे डोळ्यांना दिसत नाहीत. नावांत मात्र ती अजून जिवंत आहेत. पायधुणी घ्या. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून पूर्वी भरतीचे पाणी आत शिरे आणि थेट येथवर पोहोचे. ते ओलांडून येणारा माणूस या ठिकाणी पाय धुई, म्हणून पायधुणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीच्या बांधाने ते खिंडार बुजविले, पाणी गेले, नाव राहिले. जवळच उमरखाडी आहे. खाडी कोठेच नाही. धोबी तलावावर तलाव नाही, खेतवाडीत शेत नाही, डोंगरीवर डोंगर शोधून सापडत नाही. चिंचपोकळीच्या चिंचाही गेल्या. शिव म्हणजे बेटाची शीव, सीमा. इंग्रजांच्या जिभेने तिचे सायन केले. दादरच्या चौकाला लोक अजून दादर टी. टी. म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली. ज्यांनी ती पाहिलेली नाही अशी नातवंडेही कंडक्टरकडे टी. टी. चेच तिकीट मागतात!

पहिली फेरी बोरीबंदरावरून काढावी. येथूनच 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. सध्याच्या स्थानकाची इमारत त्यानंतरची, 1888 मध्ये पुरी झालेली. तिला आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे नाव आहे. तेथून महात्मा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट, आणि पुढे मशीद बंदर, मांडवी. मांडवी म्हणजे जकातीचे नाके. घाऊक बाजाराचा मोठा भाग 1980 नंतरच्या वर्षांत वाशीला हलला, तरी या बोळांत मसाल्याचा वास अजून येतो. याच मांडवीत 1896 साली प्लेगचा पहिला रोगी सापडला. त्या साथीने मुंबईचा नकाशा बदलला. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाट वस्तीतून रुंद रस्ते पाडण्यात आले, आणि दादर, माटुंगा, वडाळा येथे मोकळ्या जागेवर आखीव वसाहती बसल्या. माटुंग्याचे सरळ रस्ते आणि पायधुणीचे वाकडे बोळ एकाच दिवशी पाहावेत, म्हणजे एका रोगाने शहराला काय शिकविले ते पुस्तकावाचून कळते.

गिरगावच्या वाड्या हा निराळाच प्रकार. मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. एखाद्या दुकानाशेजारून बोळ आत जातो आणि आत अख्खे गाव बसलेले असते. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी सज्जांची घरे आहेत. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो.

आता गिरणगावाकडे वळू. येथे आम्ही थोडे अधिक रेंगाळणार, आणि वाचकांनीही रेंगाळावे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. पुढे लालबाग, परळ, शिवडी, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची धुरांडी उभी राहिली, आणि त्यांना हात पुरविले ते कोकणाने आणि आपल्या घाटाने. सातारा-सांगलीकडच्या माणसाला तेथे घाटी म्हणत; त्या शब्दात तुच्छता होती आणि गरजही होती. एका गावचे लोक मिळून खोली घेत. दहा-पंधरा जणांची एक खोली. पाळी संपवून आलेला अंथरुणावर आडवा होई, तेव्हा दुसरा भोंग्याच्या हाकेने बाहेर पडे. प्रत्येकाची ट्रंक भिंतीला. जेवण खानावळवालीकडे. या खानावळी चालविणाऱ्या बायांना कर्जाच्या जाचातून सोडविण्यासाठी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गावी मनिऑर्डर जाई, आणि त्या मनिऑर्डरीवर येथे विहिरी खोदल्या गेल्या, लेकींची लग्ने झाली. आपल्या घरातील जुन्या माणसांना विचारून पाहावे, बहुतेकांच्या तोंडी परळ-लालबागच्या एखाद्या चाळीचे नाव येईल.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसे मात्र गावाकडे परतली, आणि गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. आज लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात भव्य बाजार आहे, कमला गिरणीच्या आवारात कचेऱ्या आहेत. तेथील काचेच्या दारापाशी उभे राहिल्यावर आपला चुलता कोणत्या दाराने आत जात असे हे सांगावयास कोणी उरलेले नाही. गिरण्यांच्या जमिनीचे काय व्हावे याचा निर्णय त्यावर घाम गाळणाऱ्यांना विचारून झाला असता, तर हा भाग वेगळा दिसला असता असे आम्हांस वाटते.

याच पट्ट्यातील बी. डी. डी. चाळी अवश्य पाहाव्यात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे त्या बांधल्या. एकूण 207 इमारती, आणि एका खोलीचे क्षेत्र 160 चौरस फूट. त्यांच्या जागी आता मनोरे उठत आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला 500 फूट मिळाले, याचा आनंद न मानणारा मनुष्य स्वतः कधी चाळीत राहिलेला नसावा. परंतु लांब सज्जा, त्यावरील दोऱ्यांवरचे कपडे, एका नळावरची भांडणे आणि एका मयताला धावणारा अख्खा मजला, हे लिफ्टने वर नेता येत नाही.

धारावीला जावयाचे तर तमाशा पाहावयास जाऊ नये. तेथील कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार आजही चाक फिरवितात. एखादे मडके विकत घ्यावे, चार शब्द बोलावे, हीच तेथील रीत. चाळीतही हाच नियम. उघड्या दारातून आत डोकावू नये, विचारल्यावाचून फोटो काढू नयेत. "आम्ही वाळव्याकडचे" एवढे मोठ्याने म्हणावे. लालबागला हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न "कोणत्या गावचे?" हा असतो, आणि त्यानंतर चहा येतो.

एस. टी. ने जाणारा पहाटे दादर-परळला उतरतो. तीच वेळ चालावयास उत्तम. दहानंतर रस्ते माणसांनी भरतात. पायांत जुन्या वहाणा असाव्यात. शक्य तर घरातील एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला बरोबर घ्यावे. तो आता ऐंशीच्या घरात असेल, हळू चालेल. आणि जेथे तो थांबेल, तेथे आपणही थांबावे.