होगार्थची गुत्त्यातली चित्रे

दारूच्या गुत्त्याचे चित्र काचेत बसवून दिवाणखान्यात टांगावे, ही गोष्ट आपल्याकडे चमत्कारिकच वाटेल. आपल्या भिंतींवर जागा देवादिकांना, पुढाऱ्यांना आणि घरातल्या गेलेल्या वडील मंडळींना. अठराव्या शतकातील इंग्लंडात मात्र दारुडे, जुगारी, वेश्या आणि उधळे वारस यांची कोरीव छापचित्रे भल्याभल्या घरांत मानाने टांगलेली असत. निबंधकार चार्ल्स लॅम याने ती लहानपणी एका जुन्या वाड्याच्या मोठ्या दालनात पाहिली आणि पुढे १८११ साली त्यांवर निबंध लिहिला. ही चित्रे कोणी काढली, आणि ती टांगणारा बोट कोणाकडे दाखवीत होता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

चित्रकार विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) हा लंडनचा. बाप लॅटिन शिकविणारा मास्तर. कॉफीगृह काढून बुडाला आणि कर्जापायी तुरुंगात पडला. मुलगा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. म्हणजे गडी मूळचा कारागीर. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा, हे त्याचे तंत्र. एका पत्र्यातून शेकड्यांनी प्रती निघत. १७३२ साली एका वेश्येच्या अधःपाताची सहा चित्रे त्याने एक गिनी वर्गणी ठेवून काढली, तेव्हा हजाराहून अधिक वर्गणीदार मिळाले. लागलीच नकला करणारेही जमले. तेव्हा होगार्थ आणि त्याचे व्यवसायबंधू यांनी मिळून पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७३५ साली कोरीवकाम करणाऱ्याला त्याच्या कामावर चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा करून घेतला. संघटनेच्या कामात आयुष्य घातलेल्या आम्हांस होगार्थच्या चरित्रातील हा भाग सर्वांत आवडतो. २५ जून १७३५ रोजी कायदा अमलात येईपर्यंत त्याने 'उधळ्याची वाटचाल' ही आठ चित्रांची मालिका हातची सोडली नाही.

त्या मालिकेतील तिसरे चित्र गुत्त्याचे. पहाटेचे तीन वाजलेले, उधळा खुर्चीत पसरलेला, एक बाई त्याचे घड्याळ लांबवीत आहे. मागच्या भिंतीवर रोमन बादशहांच्या तसबिरी आहेत. त्या सगळ्यांचे चेहरे फाडलेले, एकटा नीरो तेवढा शाबूत! होगार्थ भिंतीवरच्या चित्रांनाही साक्षीला बोलावतो, ही त्याची खोड ओळखली म्हणजे पुढचे सोपे जाते.

१७४७ साली त्याने 'उद्योग आणि आळस' नावाची बारा चित्रे काढली. पहिल्याच चित्रात दोन उमेदवार विणकर आपापल्या मागावर आहेत. एक मन लावून विणतो आहे. दुसरा झोपला आहे, मागावर बिअरचा मोठा पेला ठेवलेला, धोट्याशी मांजर खेळते आहे आणि दारात मालक काठी घेऊन उभा. पुढे पहिला लंडनचा महापौर होतो, दुसरा फासावर जातो. असली मालिका मालकांनी उमेदवारांच्या डोळ्यांसमोर टांगावी, यात नवल नाही. दिवसाला किती तास माग चालवावा लागे आणि मजुरी काय पडे, हे त्या बारा चित्रांत कोठेच नाही.

तथापि होगार्थला एवढ्यावरच निकालात काढू नये. १७५१ च्या फेब्रुवारीत त्याने 'जिन गल्ली' आणि 'बिअर रस्ता' ही जोडचित्रे काढली. गरिबांपर्यंत पोचावीत म्हणून किंमत एकेक शिलिंग ठेवली; तरी मजुराचा सुमारे अर्ध्या दिवसाचा रोज त्यात जाई. जिन गल्लीत नशेतल्या आईच्या हातून मूल खाली कोसळते आहे, एक माणूस कुत्र्याबरोबर हाड चघळतो आहे, पडक्या घरात एकाने गळफास घेतला आहे. लोक पाहतात ते इतकेच. आम्ही डावीकडे पाहावयास सांगतो. तेथे सुतार आपली करवत आणि घरधनीण आपली भांडी सावकाराकडे गहाण टाकीत आहेत. हत्यार गेले म्हणजे उद्याचा रोजही गेला. गिरणगावातील जुन्या माणसांना हे फोड करून सांगावे लागत नाही. उजवीकडे मद्य गाळणाऱ्याच्या दुकानाची पाटी आहे. सारी गल्ली ढासळते आहे आणि धंदा चालतो आहे तो सावकाराचा, कलालाचा आणि प्रेतपेट्या करणाऱ्याचा.

ही जिन आकाशातून पडली नव्हती. १६९० मध्ये पार्लमेंटनेच धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन दिले. त्यात जमीनदारांच्या धान्याला गिऱ्हाईक मिळाले. पुढे अनर्थ दिसू लागला तेव्हा १७३६ साली किरकोळ विक्रीच्या परवान्याला पन्नास पौंड फी लावली. परवाने घेणारे मोजकेच निघाले, चोरटी विक्री मात्र फोफावली. १९४९ च्या कायद्यानंतरच्या मुंबईतील हातभट्टीच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल. १७५१ च्या कायद्याने परवाना नसलेल्या दुकानांना माल पुरविण्यास गाळणाऱ्यांना मनाई केली, तेव्हा कोठे पकड बसली. आणि १७५७ साली पीक बुडाल्यावर धान्य गाळण्यावरच बंदी आली.

होगार्थचे पत्रे त्याच्या मागेही टिकले. १८२२ साली डागडुजी करून त्यांवरून पुन्हा प्रती काढल्या गेल्या. काळी पट्टी आणि आत सोनेरी कड अशा चौकटीला तिकडे आजही होगार्थ चौकट म्हणतात. विकत घेणारा बहुधा 'जिन गल्ली' एकटीच घेतो, कारण तिच्यात भयानक रस आहे. एकटी टांगली की ती गरिबाच्या व्यसनाचे चित्र होते. शेजारी 'बिअर रस्ता' लावून पाहावा. तेथे कामकरी धष्टपुष्ट आहेत, घरांची दुरुस्ती चालू आहे, आणि सावकाराचे घर तेवढे मोडकळीस आले आहे. देणेकऱ्यांच्या धास्तीने तो दार उघडीत नाही. दारातल्या झरोक्यातून बिअरचा एक लहानसा पेला आत घेतो आहे.