दर्याची मोजणी

पनवेलच्या बंदरातून एके काळी मालाने भरलेली गलबते शिडात वारा घेऊन मुंबईकडे निघत, आणि कोणत्या महिन्यात वारा कोणत्या दिशेचा, हे तांडेलाला वाडवडिलांच्या शिकवणीतून ठाऊक असे. आता त्याच वाऱ्यापासून वीज काढण्यासाठी भर समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या, तर ते ज्ञान आकड्यांत उतरविल्यावाचून गत्यंतर नाही. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, आणि म्हणूनच मोजणीतील अल्पशी चूकही पुढचा सारा हिशेब बिघडवते. २०१७ च्या नोव्हेंबरात खंभातच्या आखातात ‘लायडार’ यंत्र बसविले गेले ते याचसाठी. त्याचा लेसर किरण हवेतील सूक्ष्म कणांवरून परावर्तित होतो, आणि परतलेल्या प्रकाशाच्या कंपनसंख्येत पडलेल्या फरकावरून वाऱ्याचा वेग कळतो.

परंतु वारा कळला तरी समुद्राचा तळ कळायचा उरतोच. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-जहाजाने भर समुद्रात मुंबई हाय येथे तेल शोधले, तेव्हापासून आपल्या अभियंत्यांना या तळाशी झुंजावे लागले आहे, आणि त्याचा अभ्यास करणारी ओएनजीसीची सागरी तंत्रज्ञान संस्था पनवेललाच आहे. मुंबई हायच्या तळात शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची चुनखडीयुक्त वाळू सापडते. नदीच्या वाळूचा कण टणक असतो. हा कण मात्र पोकळ व ठिसूळ असल्यामुळे पोलादी खांब ठोकताना चिरडला जातो आणि खांबाला बसलेली वाळूची मिठी सैल पडते. तेलाच्या फलाटासाठी मिळविलेली ही ओळख पवनचक्कीच्या पायालाही तितकीच मोलाची आहे.

डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे ११ चक्क्या समुद्रात उभारून जगाला हा मार्ग दाखविला. सागरी पवनऊर्जेचे आपले राष्ट्रीय धोरण २०१५ चे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली, आणि तीत गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांसाठी प्रत्येकी ५०० मेगावॉट मुक्रर झाले. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या तरतुदीत नाही. म्हणून स्वस्थ बसावे असे मात्र नाही. कारण ऋतूमागून ऋतू वारा मोजावा लागतो, तळाचे नमुने जमवावे लागतात, पावसाळ्यात दर्या खवळला की काम थांबवावे लागते, आणि ज्या पाण्यात कोळ्यांची डोल जाळी वर्षानुवर्षे लागतात तेथे खांब कोठे रोवावा, हे त्यांना विचारल्यावाचून ठरविणे अन्यायाचे होईल. नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी तांडेल आणि अभियंता यांना एका बैठकीत बसवावे. वाऱ्याची खूण एकाला ठाऊक आहे, तळाची दुसऱ्याला.