तेलाचा तवंग आणि कोळशाचे घर

आमच्या जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणायची जुनी पद्धत आहे. आज इथे सोन्यापेक्षा लोखंडाचा बोलबाला अधिक. रोलिंग मिलमधून लालबुंद सळई निघते, ती थंड करायला पाणी लागते आणि यंत्रांचे तेल, ग्रीस त्या पाण्यात उतरते. माझा धाकटा भाऊ अशाच एका मिलमध्ये कामाला होता. घरी येऊन तो हात धुवायचा तेव्हा मोरीतल्या पाण्यावर इंद्रधनुष्य पसरायचे. मला त्यात कविता दिसायची. अम्मी मात्र म्हणायची, “इस पानी से वजू नै होता, बेटा.” बरोबर अम्मीचेच होते.

२०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या या गावाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. इथे एक घागर पाणी तेलाने नासणे म्हणजे एका घराची तहान नासणे.

पाण्यातले तेल दोन तऱ्हेचे असते. एक तरंगते. टाकीत पाणी स्वस्थ ठेवले की ते वर येते आणि काढून घेता येते. दुसरे बारीक थेंब होऊन मिसळते. पाणी ताकासारखे गढूळ दिसते आणि तासन् तास ठेवले तरी निवळत नाही. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल-ग्रीस नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. तिथे हेच बारीक थेंब आडवे येतात.

इथे जिवाणू कामाला येतात. खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. आपल्याला जशी भाकरी, तसे काही जिवाणूंना हे तेल. प्राणवायूच्या मदतीने ते त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतात. पण नुसत्या भाकरीवर कोण जगतो? तेलात नत्र नाही, स्फुरद नाही. म्हणून शेताला देतो तसा थोडा युरिया, थोडे फॉस्फेट द्यावे लागते आणि पाण्यात हवा सोडावी लागते.

दुसरी अडचण अशी, की वाहत्या पाण्याबरोबर जिवाणूही वाहून जातात. त्यांना घर हवे. ते घर कोळशाचे. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेत ८००-९०० अंशांपर्यंत तापवला, की त्यात असंख्य छिद्रे तयार होतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतले क्षेत्र सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे भरते! छिद्रे जिवाणूहूनही बारीक. त्यांत तेलाचे अंश चिकटतात, जिवाणू बाहेरच्या खडबडीत अंगावर वस्ती करतात. कोळसा शिधा साठवतो, जिवाणू सावकाश खातात. नुसता कोळसा वापरला तर तेल फक्त जागा बदलते. जिवाणू असले तर ते संपते आणि कोळसाही जास्त दिवस टिकतो.

ही कल्पना नवी नाही. मूळ बंगालचे डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल खाणारा जिवाणू घडवला आणि १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटचा हक्क मान्य केला. तो जिवाणू प्रत्यक्ष समुद्रावर कधी सोडला गेला नाही. पण दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने निसर्गातल्याच जिवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ हे मिश्रण तयार केले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे धडकून तेल सांडले, तेव्हा किनाऱ्याच्या सफाईला ते वापरले गेले. या जिवाणूंचे वाहन काय, तर दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची भुकटी! आपल्या शिवारात ढिगाने पडणारी वस्तू.

हा काही जादूचा दिवा नव्हे. जिवाणू लोखंड, शिसे, जस्त खाऊ शकत नाहीत. आम्लाचे पाणी अंगावर आले तर ते मरतात. उरलेला गाळ नीट वेगळा काढावाच लागतो. म्हणून आधी तवंग काढणे, आम्ल शमवणे आणि मग जिवाणू, हाच क्रम.

एवढे केले तर तेच पाणी पुन्हा सळई थंड करायला वापरता येईल. मिलला जेवढे पाणी कमी लागेल, तेवढे गावाच्या घागरीत उरेल. मोरीतले ते इंद्रधनुष्य मला आता नको. ते पावसाळ्यात, आभाळातच शोभते.