लाकडी बुद्धिबळ संच

लाकडी बुद्धिबळ संच म्हणजे लाकूड कातून व कोरून तयार केलेल्या ३२ सोंगट्यांचा आणि बहुधा त्यांना साजेशा ६४ घरांच्या पटाचा संच होय. प्रत्येक बाजूस एक राजा, एक वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी असतात. प्लॅस्टिकचे संच स्वस्त व टिकाऊ असले, तरी घरगुती खेळापासून जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांपर्यंत लाकडी संचांचे स्थान टिकून आहे.

लाकडी संचाची गुणवत्ता प्रामुख्याने पाच बाबींवर ठरते : सोंगट्यांची परस्पर प्रमाणे, लाकडाची जात व सुकवण, तळातील वजन, घोड्याचे कोरीवकाम आणि पटाशी असलेला मेळ. लाकडाची किंमत आणि संचाची गुणवत्ता या दोन गोष्टी एकच नव्हेत. नीट न सुकवलेल्या महागड्या आबनुसाचा संच थोड्याच काळात तडकू शकतो, तर मुरलेल्या शिसमाचा साधा संच अनेक वर्षे नित्य वापरात राहतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात सोंगट्यांचा एकच असा सर्वमान्य घाट नव्हता. इंग्लंडमध्ये सेंट जॉर्ज व बार्लिकॉर्न, फ्रान्समध्ये रेजन्स, तर जर्मनीत सेलेनस या नावांनी ओळखले जाणारे घाट प्रचलित होते. यांतील काही घाटांत सोंगट्या उंच, सडपातळ आणि एकमेकींसारख्या दिसत. त्या सहज कलंडत आणि परक्या देशातील खेळाडूला वजीर कोणता व उंट कोणता हे चटकन ओळखता येत नसे.

१ मार्च १८४९ रोजी नॅथनिएल कुक यांच्या नावे लंडनमध्ये एका नव्या घाटाची नोंदणी झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला जॉन जॅक्स यांच्या कारखान्याने हे संच विक्रीस आणले. त्या काळचे नामांकित इंग्लिश खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यांनी या घाटाची शिफारस केली, म्हणून तो 'स्टॉन्टन' या नावाने रूढ झाला. मूळ रचना नेमकी कोणाची, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. घोड्याच्या मस्तकाची प्रेरणा ब्रिटिश म्युझियममधील पार्थेनॉनच्या ग्रीक शिल्पांतून घेतली असावी, असे सामान्यतः मानले जाते.

रुंद तळ, खाली झुकलेला गुरुत्वमध्य आणि प्रत्येक सोंगटीची माथ्यावरील स्वतंत्र खूण ही या घाटाची वैशिष्ट्ये होत. राजाच्या माथ्यावर क्रूस, वजिराच्या माथ्यावर दातेरी मुकुट, उंटाच्या माथ्यावर तिरकी खाच आणि हत्तीच्या माथ्यावर किल्ल्याच्या बुरुजाचे कंगोरे असतात. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ अर्थात फिडे आपल्या स्पर्धांसाठी याच घाटाची शिफारस करते. १९५० च्या दुब्रॉव्हनिक येथील ऑलिंपियाडसाठी तयार झालेला संच किंवा २०१३ मध्ये डॅनियल वाइल यांनी नव्याने आखलेला संच, हे दोन्ही स्टॉन्टन परंपरेतीलच आविष्कार आहेत.

नावे आणि आकार

मराठीत सोंगट्यांची नावे आणि त्यांचे आकार यांत एक विसंगती दिसते. 'हत्ती' म्हणून ओळखली जाणारी सोंगटी स्टॉन्टन संचात बुरुजासारखी असते, तर 'उंट' ही सोंगटी ख्रिस्ती धर्मगुरूच्या टोपीसारखी दिसते. वजिराच्या जागी युरोपीय परंपरेत राणी असते. नावे भारतीय व फारसी परंपरेतून आली आणि आकार एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधून आला, हे या विसंगतीचे कारण होय. भारतातील जुन्या आकृतिप्रधान संचांत मात्र हत्ती, उंट व घोडेस्वार यांच्या प्रत्यक्ष आकृती आढळतात. असे संच शोभेसाठी व संग्रहासाठी मोलाचे असले, तरी दीर्घ खेळासाठी स्टॉन्टन घाट अधिक सोयीचा ठरतो.

प्रमाणे

फिडेच्या साहित्यविषयक मानकांत सोंगट्यांची उंची पुढीलप्रमाणे सुचवली आहे :

राजा – ९.५ सेंमी
वजीर – ८.५ सेंमी
उंट – ७ सेंमी
घोडा – ६ सेंमी
हत्ती – ५.५ सेंमी
प्यादे – ५ सेंमी

या मापांत १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. मात्र उंचीचा उतरता क्रम कायम राहावा लागतो. प्रत्येक सोंगटीच्या तळाचा व्यास तिच्या उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा. पटावरील घराची बाजू ५ ते ६ सेंमी असावी आणि ती प्याद्याच्या तळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावी. म्हणजेच एका घरात चार प्यादी शेजारी शेजारी मावली पाहिजेत. संच आणि पट स्वतंत्रपणे घेताना ही चाचणी मोजपट्टीशिवायही करता येते.

घरे लहान असल्यास सोंगट्यांची दाटी होते व खेळताना शेजारची सोंगटी ढकलली जाते. घरे फार मोठी असल्यास सोंगट्या विखुरलेल्या दिसतात आणि कर्ण व रांगा डोळ्यांना सलग जाणवत नाहीत. म्हणून केवळ राजाची उंची पाहून पट निवडणे पुरेसे नसते. राजाच्या तळाचा व्यासही पाहावा लागतो.

लाकडाचे प्रकार

फिकट सोंगट्यांसाठी प्रामुख्याने बॉक्सवुड वापरले जाते. हे लाकूड पिवळसर, घट्ट व अतिशय बारीक पोताचे असल्यामुळे त्यावर मुकुटाचे दाते किंवा घोड्याची आयाळ यांसारखे सूक्ष्म काम तुटल्याशिवाय करता येते. काळानुसार त्याला मधासारखी छटा चढते. व्यापारात मात्र हे नाव एकाच वनस्पतीपुरते मर्यादित राहत नाही. तत्सम फिकट लाकडेही त्याच नावाने विकली जातात.

गडद सोंगट्यांसाठी पुढील लाकडे प्रचलित आहेत.

शिसम : उत्तर भारतात आढळणाऱ्या या झाडाचे लाकूड सोनेरी ते गडद तपकिरी असून त्यावर ठळक रेषा असतात. महाराष्ट्रात जुन्या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेला शिसव हा याच कुळातील, परंतु वेगळ्या जातीचा वृक्ष आहे. शिसम तुलनेने स्वस्त व टिकाऊ असल्यामुळे पहिल्या चांगल्या संचासाठी योग्य मानले जाते.

पडौक : ताजे असताना याचा रंग नारिंगी-लाल असतो. प्रकाशाच्या संपर्कात तो हळूहळू तपकिरी होतो, त्यामुळे केवळ लाल रंगाच्या आकर्षणाने घेतलेला संच काही वर्षांनी वेगळा दिसू लागतो. पडौक हे रक्तचंदन व बिबळा यांच्या प्रजातीतील असले, तरी ते रक्तचंदन नव्हे.

आबनूस : दाट काळ्या रंगाचे हे लाकूड इतके जड असते की ते पाण्यात बुडते. विडीची पाने देणारी टेंभुर्णी याच प्रजातीत मोडते. आबनुसाचे काम देखणे होते. परंतु ते ठिसूळ असून आर्द्रतेतील बदलांमुळे त्याला भेगा पडण्याची शक्यता इतर लाकडांपेक्षा अधिक असते.

रंगवलेले बॉक्सवुड : बॉक्सवुडलाच काळा रंग देऊन आबनुसासारखे रूप दिले जाते. ही फसवणूक नसून जुनी व मान्य पद्धत आहे. मात्र विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगणे आवश्यक असते. वापराने कडा झिजल्यावर आतील फिकट लाकूड दिसू शकते. सोंगटीच्या तळाचे कापड जिथे संपते त्या कडेजवळ किंवा सूक्ष्म ओरखड्यात फिकट रेषा दिसल्यास लाकूड रंगवलेले आहे, हे ओळखता येते.

निर्मिती

पंजाबमधील अमृतसर हे लाकडी संचांच्या निर्मितीचे महत्त्वाचे केंद्र असून तेथील संच जगभर निर्यात होतात. निर्मितीची सुरुवात लाकूड सुकवण्यापासून होते. लाकूड सुकताना त्याच्या रेषांच्या दिशेने फारसे आकुंचन पावत नाही. रेषांना आडव्या दिशेने मात्र पावते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नसते. त्यामुळे ओलसर लाकडाची कातलेली गोल सोंगटी सुकल्यावर किंचित लंबगोल होते किंवा तडकते.

सुकलेल्या ठोकळ्यांपासून कातारी लेथवर राजा, वजीर, उंट, हत्ती व प्यादी कातून काढतो. घोडा मात्र लेथवर पूर्ण होत नाही. त्याचा तळ कातला जातो आणि मस्तक पटाशी, कानस यांसारख्या हत्यारांनी हाताने कोरून त्यावर बसवले जाते. संचातील केवळ चार घोड्यांवर मोठे श्रम खर्च होतात आणि संचाची किंमतही बऱ्याच अंशी त्यांवर ठरते. चांगल्या घोड्यात जबडा, नाकपुड्या, डोळे, कान व आयाळ स्पष्ट असतात, मानेचा बाक सहज वाटतो आणि मुख्य म्हणजे चारही घोडे एकाच हाताचे वाटतात. स्वस्त संचांत घोडे चपटे व ढोबळ असतात आणि त्यांची मस्तके कमी-अधिक उंचीची आढळतात.

वजन आणि तळ

सोंगटी स्थिर राहावी म्हणून तिच्या तळात पोकळी करून शिसे किंवा लोखंड बसवले जाते आणि वर बनातीचा अथवा चामड्याचा तुकडा चिकटवला जातो. वजन असलेला राजा बोटाने थोडा कलता केल्यास पुन्हा सरळ उभा राहतो. जाहिरातींत 'दुप्पट वजन', 'तिप्पट वजन' असे शब्द आढळतात. परंतु त्यांना कोणतेही प्रमाणित माप नाही. फिडेच्या मानकांतही ठरावीक ग्रॅम दिलेले नसून, सोंगटी हलवण्यास सोयीची व स्थिर असावी एवढीच अपेक्षा आहे. त्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या संचांची तुलना ग्रॅममधील प्रत्यक्ष वजनावरून करणे इष्ट असते.

वजन व भेगा यांचा परस्परसंबंध अनेकदा लक्षात घेतला जात नाही. हवा कोरडी झाल्यावर लाकूड आकुंचन पावते, पण आतील धातू पावत नाही. धातूचा तुकडा लाकडाला घट्ट बसवलेला असेल, तर आकुंचनाचा ताण तळाशी उभ्या भेगेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून अतिशय जड संच हा आपोआप उत्तम संच ठरत नाही.

पट

फिडेच्या मानकांनुसार पटावरील फिकट व गडद घरांत पुरेसा फरक असावा आणि पृष्ठभाग चकचकीत नसावा. मेपल, बर्च किंवा अॅश या फिकट लाकडांसोबत अक्रोड वा सागाची गडद घरे हा प्रचलित मेळ आहे. चकचकीत पटावर दिव्याचा प्रकाश परावर्तित होऊन दीर्घ डावात डोळे थकतात. भरीव लाकडाचा पट आकर्षक असला, तरी पावसाळ्यात फुगून व उन्हाळ्यात आकसून तो वाकू शकतो. प्लायवूडसारख्या स्थिर पायावर लाकडाचा पातळ थर बसवलेला पट हवामानातील बदल अधिक चांगल्या रीतीने सोसतो. सोंगट्यांचे गडद लाकूड आणि पटाची गडद घरे अगदी एकाच रंगाची असल्यास सोंगटी घरात मिसळून जाते. म्हणून दोहोंत किंचित फरक असणे सोयीचे असते.

पारखण्याच्या कसोट्या

संच घेताना पुढील गोष्टी तपासल्या जातात.

एकाच प्रकारच्या सर्व सोंगट्या शेजारी ठेवल्यावर त्यांची उंची व कडा समान दिसल्या पाहिजेत. आठही प्यादी एका रांगेत ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून पाहिल्यास दोष लगेच लक्षात येतो.
सपाट काचेवर ठेवलेली सोंगटी डुगडुगू नये.
राजाचा क्रूस, वजिराचे दाते, उंटाची खाच व घोड्याचे कान हे तुटण्याचे नेहमीचे भाग असल्याने ते बारकाईने पाहावेत.
तळाशी, घोड्याच्या जोडाजवळ आणि कंगोऱ्यांच्या मुळाशी भेग अथवा भरलेले पुटिंग नसावे.
पॉलिशखाली लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसाव्यात. जाड थराखाली दोष लपवले जाऊ शकतात.
प्यादे बढतीस पोहोचल्यावर उपयोगी पडावा म्हणून प्रत्येक रंगाचा एक जादा वजीर असल्यास उत्तम. अशा संचात ३४ सोंगट्या असतात.

कायदेशीर बाबी

पूर्वी उंची संच हस्तिदंताचेही बनत. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. लाकडांपैकी शिसम व शिसव ज्यात मोडतात त्या डालबर्जिया प्रजातीचा समावेश २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. त्यामुळे अशा लाकडाच्या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी कागदपत्रांची गरज निर्माण झाली. कमी वजनाच्या तयार वस्तूंना नंतर सवलत देण्यात आली. संच परदेशी पाठवताना किंवा तेथून मागवताना लाकडाची नेमकी जात नोंदवलेली असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

निगा

लाकडी संच थेट ऊन, वातानुकूलन यंत्राचा झोत आणि ओलसर भिंत यांपासून दूर ठेवावा. दमट किनारपट्टीवरून कोरड्या प्रदेशात आणलेला संच काही दिवस पेटीतच ठेवून हळूहळू नव्या हवेला सरावू द्यावा. सोंगट्या कोरड्या, मऊ कापडाने पुसाव्यात. पाणी किंवा घरगुती द्रावके वापरू नयेत. मेणाचा अतिशय पातळ हात क्वचित दिल्यास चमक टिकते. पेटीत प्रत्येक सोंगटीसाठी स्वतंत्र कप्पा असल्यास क्रूस व कान सुरक्षित राहतात. सुटलेली बनात नव्याने चिकटवणे सोपे असते आणि तळाची बारीक भेग लाकडाच्या भुशात सरस मिसळून भरता येते; मात्र घोड्याचे तुटलेले मस्तक जोडण्याचे काम कुशल कारागिराकडूनच करून घ्यावे.