परदेशात पासपोर्ट चोरीला जातो तेव्हा

८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह बेपत्ता झाले. प्रवाशांच्या यादीत एका ऑस्ट्रियन आणि एका इटालियन नागरिकाचे नाव होते. बातमी जगभर पसरली, आणि हे दोघेही सुखरूप असल्याचे उघड झाले. ऑस्ट्रियन गृहस्थ आपल्या देशात होते. इटालियन थायलंडमध्ये होता. त्याने घरी फोन करून आपण जिवंत असल्याचे कळवले. दोघांचेही पासपोर्ट थायलंडमध्ये चोरीला गेले होते, एकाचा २०१२ मध्ये आणि दुसऱ्याचा २०१३ मध्ये. त्या पासपोर्टांवर विमानात बसले होते दोन इराणी तरुण. आधी घातपाताचा संशय आला, पण तपासाअंती ते युरोपात आश्रय मिळवण्यासाठी निघाले असावेत, असे पोलिसांनी सांगितले.

यातली अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. हे दोन्ही पासपोर्ट चोरीला गेल्याची नोंद इंटरपोलच्या यादीत होती. चोरीला गेलेल्या आणि हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांची ही यादी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये सुरू झाली. २०१४ मध्ये तीत चार कोटींहून अधिक नोंदी होत्या. पण हे दोघे विमानात चढण्यापूर्वी कोणीही ती यादी पाहिली नव्हती. आदल्या वर्षभरात शंभर कोटींहून अधिक वेळा प्रवासी अशा तपासणीशिवाय विमानात बसले, असे खुद्द इंटरपोलने तेव्हा जाहीर केले.

चोरलेल्या पासपोर्टला बाजार आहे, हे या घटनेने सामान्य प्रवाशालाही दाखवून दिले. पाकीटमाराला पासपोर्टपेक्षा रोख रकमेत रस असतो हे खरे, आणि कित्येक पासपोर्ट शेवटी कचऱ्याच्या डब्यातच सापडतात. पण जे सापडत नाहीत, ते कोणाच्या हाती पडतील याचा नेम नसतो. म्हणून चोरीची तक्रार तातडीने नोंदवणे स्वतःच्या सोयीइतकेच इतरांच्या सुरक्षिततेसाठीही गरजेचे आहे.

युरोपात गर्दीची पर्यटनस्थळे हा पाकीटमारांचा हक्काचा इलाका. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्यांचा उपद्रव इतका वाढला होता, की एप्रिल २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांनीच काम बंद केले आणि संग्रहालय दिवसभर बंद राहिले. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणासाठी काम थांबवले. बार्सिलोनाचा ला रांब्ला हा रस्ता, रोमचे तेर्मिनी स्टेशन, पॅरिसची मेट्रो, प्रागचा चार्ल्स पूल या जागांबद्दल टूर मॅनेजर बसमध्येच बजावून सांगतात.

तऱ्हा ठरलेल्या असतात. कोणी सहीसाठी कागद पुढे करतो आणि त्या कागदाआडून हात पर्समध्ये जातो. कोणी कोटावर काहीतरी सांडवतो आणि तत्परतेने पुसायला धावतो. मेट्रोचे दार बंद होण्याच्या क्षणी धक्काबुक्की होते. हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळी खुर्चीला अडकवलेली बॅग तर अगदी सहज जाते, कारण हॉटेलात शिरल्यावर माणूस निर्धास्त होतो.

चोरी लक्षात आल्यानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. घाबरलेला माणूस आधी सगळ्या बॅगा उपसतो, मग हॉटेलात फोन लावतो, मग बस सुटेल या धास्तीने ‘पुढच्या गावी गेल्यावर बघू’ असे ठरवतो. नेमके हेच टाळायला हवे. जिथे चोरी झाली, तिथल्याच पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. युरोपीय संघाच्या सगळ्या देशांत तातडीच्या मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक चालतो. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

तक्रारीत काय लिहिले जाते याकडे लक्ष द्यावे. पासपोर्टचा क्रमांक, चोरीची वेळ आणि जागा, बॅगेतल्या इतर वस्तू हे सगळे त्यात यायला हवे. चोरी झाली असेल तर ‘हरवला’ असे लिहून घेऊ नये. शिक्क्यासह प्रत मागून घ्यावी आणि लगेच तिचा फोटो काढून घरच्यांना पाठवावा. पुढचे प्रत्येक दार याच कागदावर उघडते. वकिलात तो मागते, विमा कंपनी मागते, विमानतळावरचा अधिकारी मागतो आणि भारतात परतल्यावर पासपोर्ट कार्यालयही मागते. तो इटालियन, स्पॅनिश किंवा झेक भाषेत असला तरी बिघडत नाही.

यानंतर भारतीय वकिलात किंवा वाणिज्य दूतावास. हे कार्यालय प्रवासी उतरलेल्या शहरातच असेल असे नाही. ॲमस्टरडॅममध्ये फिरणाऱ्याला हेगला जावे लागते, इंटरलाकेनहून बर्न गाठावे लागते, व्हेनिसमध्ये चोरी झाली तर मिलानचे कार्यालय पाहावे लागते. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कामकाज बंद असते. पण बहुतेक कार्यालये संकटातल्या भारतीयांसाठी चोवीस तास चालू असणारा फोन ठेवतात आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर असतो.

वकिलातीत दोन वाटा असतात. सहलीला आलेल्या माणसासाठी सोपी वाट म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. भारतात एकदाच परत येण्यापुरता हा कागद असतो. तो घेऊन उरलेली सहल पुरी करता येत नाही, दुसऱ्या देशात शिरता येत नाही. अर्ज, फोटो, पोलीस तक्रार, जुन्या पासपोर्टची प्रत आणि परतीचे तिकीट एवढे हाताशी असेल तर काम लवकर उरकते. पासपोर्टची प्रत नसेल तर अर्जदार भारतीयच आहे याची खातरजमा करण्यात वेळ जातो. परतीचे विमान शक्यतो थेट भारतात येणारे निवडावे. मध्ये दुसऱ्या देशात विमान बदलायचे असेल, तर हा कागद तिथे चालेल का, हे विमान कंपनीला आधी विचारून घ्यावे.

दुसरी वाट नव्या पासपोर्टची. परदेशात नोकरी करणारे आणि शिकणारे हीच वाट धरतात, कारण त्यांना तिथेच राहायचे असते. यात मूळ पासपोर्ट दिलेल्या कार्यालयाकडून, म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर असे जे असेल तिथून, माहितीची पडताळणी होते. त्यामुळे वेळ जास्त लागतो.

पासपोर्ट गेला म्हणजे त्यात चिकटवलेला व्हिसाही गेला, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. नव्या पासपोर्टात जुना व्हिसा आपोआप येत नाही. अमेरिकेत एच-१बी वर काम करणाऱ्याची तिथे राहण्याची परवानगी पासपोर्टवरच्या व्हिसावर अवलंबून नसते. ती आय-९४ या नोंदीवर असते, आणि विमानाने आलेल्यांची ही नोंद २०१३ पासून संगणकावर असल्याने ती पुन्हा उतरवून घेता येते. म्हणजे नोकरी चालू राहते. मात्र चोरीला गेलेला व्हिसा अमेरिकेत राहून परत मिळत नाही. तो माणूस लग्नासाठी किंवा आईवडिलांना भेटायला भारतात आला, की परतण्यापूर्वी अमेरिकी दूतावासाकडून नवा व्हिसा घ्यावा लागतो. सुट्टी ठरवताना हा वेळ धरायलाच हवा.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळे आहे. तिथली राहण्याच्या परवान्याची प्लॅस्टिकची कार्डे २०२४ अखेर बाद झाली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. तिथे शिकणाऱ्या मुलांचा व्हिसा त्यामुळे चोराच्या हाती लागत नाही. पण तो पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. नवा पासपोर्ट आल्यावर तो क्रमांक आपल्या खात्यात बदलून घेतला नाही, तर विमानतळावर अडचण येते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पुण्या-मुंबईतल्या घरांत दिसते. अमेरिकेचे नागरिक झालेले मुलगा-सून सुट्टीवर येतात आणि इथे त्यांचा पासपोर्ट जातो. अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाकडून तातडीचा पासपोर्ट मिळतो, पण त्यावर भारतात आल्याचा शिक्का नसतो आणि व्हिसाही नसतो. ओसीआय कार्ड नसलेल्या अशा परदेशी नागरिकाला ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावरून देश सोडण्याची परवानगी घ्यावी लागते. तीही पोलीस तक्रारीशिवाय मिळत नाही.

पासपोर्ट हातातून जाण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. रत्नागिरी, रायगडपासून ते केरळपर्यंतच्या गावांतून आखाती देशांत मजुरीला गेलेल्या अनेकांचे पासपोर्ट मालक किंवा मुकादम ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून काढून घेतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ओळखपत्रे ताब्यात ठेवणे हे वेठबिगारीच्या लक्षणांपैकी एक मानते. कतारच्या २०१५ च्या कायद्यात यासाठी एका पासपोर्टमागे २५ हजार रियालपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारताच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार तर पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो धारकाकडून हिसकावून घेण्याचा कोणत्याही मालकाला अधिकार नाही. अशा कामगाराने वकिलातीत जावे, किंवा २०१५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सुरू केलेल्या ‘मदद’ या पोर्टलवर घरच्यांमार्फत तक्रार नोंदवावी. अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. परतीच्या तिकिटासाठी किंवा तात्पुरत्या निवाऱ्यासाठी गरजूंना त्यातून मदत मिळू शकते. ती मागण्यात कमीपणा नाही. परदेशात राहणारे भारतीय वकिलातीच्या सेवा घेताना जे शुल्क भरतात, त्याचाच एक भाग या निधीत जातो.

या साऱ्याची निम्मी तयारी घरातून निघण्यापूर्वीच होते. पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान, व्हिसाचे पान, तिकीट आणि विमा यांच्या दोन छापील प्रती काढाव्यात. एक प्रत दुसऱ्या बॅगेत राहावी, एक घरी. त्याच प्रती ईमेलवरही असाव्यात, आणि ते ईमेल मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशिवाय उघडेल अशी सोय आधी करून पाहावी. पर्ससोबत मोबाइलही गेला तर भारतातल्या सिमकार्डावर येणारा ओटीपी कोणाच्या हाती पडेल? दोन फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत. पासपोर्टसाठी चालणारे चार फोटो सोबत असले, तर अनोळखी शहरात स्टुडिओ शोधत फिरावे लागत नाही. नवरा-बायकोचे पासपोर्ट एकाच पर्समध्ये ठेवण्याची आपल्याकडची सवय मात्र मोडायलाच हवी.

पासपोर्ट अंगावर बाळगावा की हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा, याचे सगळीकडे चालणारे उत्तर नाही. जपानमध्ये परदेशी पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे तो कपड्यांच्या आत, कमरेच्या पाऊचमध्ये असावा. कायद्याची सक्ती नसेल तिथे तिजोरी बरी. पाठीवरची सॅक आणि पॅन्टचा मागचा खिसा या जागा कुठेच योग्य नाहीत.

भारतात उतरल्यावर नव्या पासपोर्टसाठी पुन्हा अर्ज करायचा असतो. पोलीस तक्रारीची प्रत, इमर्जन्सी सर्टिफिकेटचा तपशील आणि पासपोर्ट कसा गेला हे सांगणारे प्रतिज्ञापत्र सोबत लागते. बहुतेक प्रवास विम्यांत पासपोर्ट नव्याने काढण्याचा खर्च मिळण्याची तरतूद असते, पण त्यासाठी वकिलातीच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात आणि चोरीची तक्रार मुदतीत दिलेली असावी लागते.

कधी कधी काही आठवड्यांनी परदेशातल्या पोलिसांकडून निरोप येतो, की पासपोर्ट सापडला आहे. मालकाला हायसे वाटते. त्यावर अजून चालू असलेला अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसाही असतो. पण चोरीची नोंद झाली त्या वेळीच तो पासपोर्ट रद्द झालेला असतो आणि त्याचा क्रमांक सीमेवरच्या संगणकांत पोहोचलेला असू शकतो. तो घेऊन प्रवासाला निघालेल्या खऱ्या मालकालाही इमिग्रेशनच्या खिडकीवर अडवून चौकशीसाठी बाजूला घेतले जाते. सापडलेला पासपोर्ट मिळाला, तर तो पासपोर्ट कार्यालयात जमा करावा आणि पुढचा प्रवास नव्यावरच करावा.