जागामालक पैसे देतो, म्हणजे नक्की कोण देतं?

मालमत्ता आणि न्याय हा आपला विषय चालू आहे. मागच्या वेळी आपण लॉकपाशी थांबलो होतो. ज्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो, ती त्याची होते, असं त्याचं म्हणणं. पण लॉकच्या डोळ्यांसमोर होती ती कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन. आज आपण प्रश्न थोडा बदलू. श्रम आणि पैसे जिथं ओतायचे ती जागा आधीच दुसऱ्याची असेल, तर?

यासाठी अमेरिकेतल्या भाड्याच्या दुकानांचं उदाहरण घेऊ. आपल्या श्रोत्यांपैकी काही जण तिकडेच राहतात, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथं भाड्यानं मिळणारी जागा पुष्कळदा नुसता सांगाडा असते. भिंती, छत, वीज-पाण्याची जोडणी, एवढंच. तिथं दवाखाना किंवा खाणावळ काढायची तर सगळं आतून उभारावं लागतं. या कामासाठी जागामालक चौरस फुटामागे ठरावीक रक्कम देतो. तिला ‘टेनंट इम्प्रूव्हमेंट अलाउन्स’ म्हणतात. ही रक्कम बहुधा आधी हातात पडत नाही. काम करून घ्यायचं, बिलं दाखवायची, मग पैसे मिळतात. आणि ते पार्टिशन, वायरिंग, नळकाम अशा जागेला चिकटून राहणाऱ्या कामांसाठी असतात. खुर्च्या-टेबलांचा खर्च सहसा आपला आपण करायचा.

ऐकायला ही देणगी वाटते. आपण हिशेब करून बघू. समजा, जागा २,००० चौरस फूट आहे आणि मालक फुटाला ५० डॉलर देतो. म्हणजे एक लाख डॉलर झाले. करार १० वर्षांचा, आणि मालकानं ८ टक्के व्याज धरून ही रक्कम भाड्यात घातली. मग दर महिन्याच्या भाड्यात साधारण १,२१३ डॉलर याचेच असतात. दहा वर्षांत एकूण १,४५,६०० च्या आसपास भरले जातात. म्हणजे मालकानं दिलं ते आपलंच उद्याचं भाडं, आज उचलून दिलेलं. साध्या भाषेत, हे कर्ज आहे. फक्त त्याला कर्ज म्हणत नाहीत, एवढंच.

आता पाच वर्षांनी धंदा बसला आणि जागा सोडायची वेळ आली तर? आपल्याला वाटतं, निम्मा काळ गेला, निम्मे फिटले. तसं नसतं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असतं, म्हणून अजून सुमारे ५९,८०० डॉलर शिल्लक असतात. करारात तसं कलम असेल तर ते एकरकमी मागितले जातात. आणि आपण बांधलेलं स्वयंपाकघर? ते तिथंच राहतं. काही करारांत तर उलट असतं: ते स्वखर्चानं काढून जागा पूर्ववत करून द्या!

मग मालक लबाड आहे का? नाही. बघा, दोन वर्षांत भाडेकरू बुडाला तर दातांच्या दवाखान्यासाठी घातलेल्या नळांचं पुढच्या कापडदुकानदाराला काय काम? ती जोखीम मालक घेतो, म्हणून व्याज मागतो. त्यात अन्याय दिसत नाही.

अन्याय होऊ शकतो तो दहा वर्षांनंतर. लाख डॉलर व्याजासकट फिटलेले असतात. कराराचं नूतनीकरण करताना मात्र जुनंच भाडं पाया धरलं जातं, आणि त्यात ते १,२१३ तसेच राहतात. फेडून झालेल्या भिंतींसाठी आपण पुन्हा पैसे भरू लागतो. दुसरीकडे जावं, तर तिथं सगळं नव्यानं उभारावं लागेल. या अडचणीची किंमत वसूल होते.

आपल्याकडच्या कायद्यात याचं वेगळं उत्तर आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ असं सांगतं की, करारात किंवा स्थानिक रूढीत वेगळं काही नसेल, तर जागेचा ताबा असेपर्यंत भाडेकरू आपण बसवलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो. मात्र जागा मिळाली होती त्या स्थितीत परत द्यायची. पण ‘करारात वेगळं नसेल तर’ या शब्दांतच सगळी मेख आहे. करारात बहुधा वेगळंच असतं.

म्हणून सही करण्याआधी आपण तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. ही रक्कम किती व्याजानं, किती वर्षांत फिटणार? मध्येच निघालो तर किती द्यायचं? आणि फिटल्यावर भाडं तेवढं उतरणार का? तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

लॉकला जागा मोकळी मिळाली होती, म्हणून त्याला श्रम पुरले. दुसऱ्याच्या जागेत श्रम मिसळताना श्रम पुरत नाहीत, शब्द लागतात. तेही लेखी. आता तुमचे प्रश्न घेऊ.