फुटाला दोन इंच
२०२५ साली मोसमी पावसाने हवामान खात्याच्या वेळापत्रकाला भीक घातली नाही. ११ जूनला अपेक्षित असलेला पाऊस २६ मे रोजीच मुंबईत हजर झाला. बातम्या सगळ्या तुंबलेल्या मुंबईच्या. इकडे कोकणात कौलं चाळायची राहिलेली, कुठे जुनी कौलं उतरवून पत्रा घालायचं काम अर्ध्यावर अडकलेलं. त्यांची दखल घेणार कोण?

पत्र्याच्या कामाचं अंदाजपत्रक कधी नीट वाचून पाहा. चौरस फूट असतात, लोखंडी पाइपांची जाडी असते, पत्र्याची कंपनी आणि रंगही असतो. छपराचा उतार किती, हा रकाना नसतो. विचारलंच तर माणूस हाताचा पंजा तिरका धरून दाखवतो: एवढा.

खरं तर उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. माळ्यावर चढायचं, फूटभर लांबीची पट्टी आणि पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हल घ्यायची. पट्टीचं एक टोक वाशाच्या खालच्या कडेला टेकवून ती आढ्याच्या दिशेने अगदी आडवी धरायची. दुसऱ्या टोकापासून सरळ वर वाशापर्यंत किती इंच भरतात ते मोजायचं. सात भरले तर उतार फुटाला सात इंच, म्हणजे साधारण ३० अंश. चार भरले तर १८. दोन भरले तर जेमतेम साडेनऊ. मोबाइलमध्येही कोन दाखवणारं ॲप असतं, पण तो कौलावर ठेवू नका. प्रत्येक कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, त्यामुळे ते वाशापेक्षा थोडं आडवं पडतं. मोबाइल वाशालाच लावायचा, तोही दोन-तीन ठिकाणी, कारण जुना वासा मधे झोल खातो.

माळ्यावर जाता येत नसेल, तर भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची घ्यावी आणि तिला घराच्या अर्ध्या रुंदीने भागावं. अर्ध्या! पूर्ण रुंदीने भागणारे कमी नाहीत. मग चांगलं उभं छप्पर कागदावर निम्मं झोपतं.

आता या आकड्याचं करायचं काय? इथे भारतीय मानक ब्युरोचं एक रुक्ष पुस्तक कामाला येतं: आयएस ८७५, भाग ३. विषय, इमारतींवरचा वाऱ्याचा भार. माझ्या मते त्यातलं उतरत्या छपरांचं कोष्टक कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवं. बसक्या घराच्या ज्या पाख्यावर वारा समोरून येतो, त्याचे आकडे त्यात आहेत. उतार १० अंश असेल तर उणे १.२. वीस अंशांना उणे ०.४. तीस अंशांना शून्य. पंचेचाळीसला अधिक ०.३. उणे म्हणजे वारा छप्पर वर ओढतो, अधिक म्हणजे खाली दाबतो. सगळ्यात वाईट आकडा दहा अंशांचा, म्हणजे नेमका आपला फुटाला दोन इंच. अगदी सपाट छपरालासुद्धा उणे ०.८ आहे!

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० च्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. त्याला १.२ ने गुणा: ८० किलोंच्या वर ओढ. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेत चार-पाच किलो. बाकी सगळी मदार नटबोल्टवर, आणि समुद्रकाठच्या हवेत बोल्टांची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको.

तीस अंशांचं छप्पर उडतच नाही, असं मात्र कुणी समजू नये. वाऱ्याआडच्या पाख्यावर तिथेही उणे ०.४ राहतोच, वारा आढ्याच्या रेषेत आला तर दोन्ही पाखी वर ओढली जातात आणि कडा-कोपऱ्यांवर ही ओढ आणखी जास्त असते. बांधणी पक्की हवीच. पण निम्मं संकट उताराने टळत असताना ते ओढवून का घ्यायचं?

उत्तर पैशात आहे. हजार चौरस फूट जागेवर ३० अंशांचं छप्पर घालायला ११५५ चौरस फूट पत्रा लागतो, १० अंशांना १०१५. शिवाय मधले खांब आखूड होतात. घरमालकाला दर स्वस्त वाटतो, ठेकेदाराचं काम लवकर उरकतं. मंगलोरी कौलांना असली काटकसर चालत नाही, उतार मोडला की ती गळतात. पत्रा लगेच गळत नाही, म्हणून त्याला कसाही निजवतात.

पडवी वेगळी मोजावी. तिचा ढाळ मूळ घरापेक्षा बहुधा कमीच असतो आणि हल्ली तिच्याही पुढे गाडी लावायला पत्रा काढतात, तो जवळजवळ आडवा. तीन बाजू उघड्या. तिथे वारा वरून ओढतो आणि खालून ढकलतो, दोन्ही एकाच वेळी. वादळात आधी तोच जातो, आणि जाताना पडवीच्या रिपाही उचकटून नेतो.